कॅन्ससच्या बॅटसनचं ऐकलंस का?

"काल संध्याकाळी तुझ्याकडे ती उंच पोरगी आली होती, ती कोण गं?"

सिंधूकाकूंनी मेंदीच्या कुंपणावरून मान वर काढली ती हा प्रश्न घेऊनच. हातात परडी आणि नजर आमच्या जास्वंदीवर. जास्वंद आमच्या अंगणात, पण सकाळची फुलं काकूंच्या देवाची. हा करार कुणी कधी केला नाही आणि कुणी मोडलाही नाही.

"माझी जुनी विद्यार्थिनी. पीएचडी करायचीय तिला."

"एवढंच होय! मला वाटलं स्थळबिळ घेऊन आली. चांगली दिवेलागण होईपर्यंत बसली होती."

"विषयच मोठा आहे, काकू. धर्म आणि माणसाचं वागणं."

"हा कसला विषय? तुम्ही मानसशास्त्रवाल्यांनी डोकं फिरलेली माणसं बघावीत. देवाधर्माचं बघायला कीर्तनकार आहेत, गुरुजी आहेत."

"शंभर वर्षांच्या वर झाली हा उद्योग सुरू होऊन. अमेरिकेतल्या विल्यम जेम्सनं १९०१-०२ मध्ये एडिनबरोला यावर व्याख्यानं दिली, त्याचं पुस्तक अजून छापतात. पण मी तिला सांगितलं, जेम्स नंतर वाच. आधी बॅटसन वाच."

"हा कोण आणखी?"

काकूंनी परडी खाली ठेवली. त्यांनी परडी खाली ठेवली की समजायचं, आता निदान अर्धा तास. मीही नळ बंद केला.

"डॅनियल बॅटसन. जन्म १९४३ चा. आधी शिकला धर्मशास्त्र. प्रिन्स्टनला पाद्री तयार करणारी सेमिनरी आहे, तिथे. तिथली डॉक्टरेट घेतली आणि लगेच शेजारच्या प्रिन्स्टन विद्यापीठातून मानसशास्त्राची दुसरी."

"एकाच माणसाला दोन-दोन? आमच्या नातवाला एक एमए होईना. मग झाला का पाद्री?"

"नाही. १९७२ ला कॅन्सस विद्यापीठात मास्तर झाला, लॉरेन्स नावाच्या गावात. आणि २००६ पर्यंत, निवृत्त होईस्तोवर तिथेच राहिला."

"शहाणा आहे. उठसूट नोकऱ्या बदलणाऱ्यांतला नाही. पण पाद्र्याची विद्या घेऊन मानसशास्त्रात कशाला घुसला?"

"त्याचं गुरुबळ जबरदस्त. जॉन डार्ली त्याचे मार्गदर्शक. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली किटी जिनोव्हीज नावाच्या मुलीचा खून झाला, शेजाऱ्यांनी आरडाओरडा ऐकूनही काही केलं नाही अशा बातम्या आल्या. त्या खरं तर बऱ्याच फुगवलेल्या होत्या, पण त्यावरून डार्ली आणि लाताने या दोघांनी शोधायला घेतलं, की माणसं मदतीला कधी धावतात आणि कधी नाही. बॅटसन आला धर्मशास्त्रातून, गुरू मिळाला हा असा. दोघांनी मिळून जे केलं ते आज जगभर शिकवतात."

"सांग तर मग. पाल्हाळ लावू नकोस."

"बायबलातली शोमरोनी माणसाची गोष्ट माहीत आहे ना?"

"माहीत नसायला काय झालं? कॉन्व्हेंटात होते दोन वर्षं. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला चोरांनी लुटून, मारून टाकलं. पुजारी आला, बघून पलीकडच्या बाजूनं गेला. दुसरा देवळातलाच, तोही गेला. शेवटी ज्याला सगळे हलका समजायचे तो शोमरोनी थांबला. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेलं, वर पैसेही देऊन गेला."

"शंभर टक्के! आता बॅटसननं काय केलं ऐका. १९७० चा डिसेंबर. त्याच सेमिनरीतली होणारी पाद्री मुलं घेतली. आधी त्यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, तुमचा धर्म तुमच्यासाठी काय आहे म्हणून. मग एकेकाला बोलावून सांगितलं, तुम्हाला छोटंसं भाषण करायचंय. अर्ध्यांना विषय दिला पाद्र्यांच्या नोकऱ्यांचा. अर्ध्यांना हीच शोमरोन्याची गोष्ट."

"भाषण कुठे करायचं?"

"तिथेच तर मेख आहे. या इमारतीत जागा नाही, पलीकडच्या इमारतीत जा. नकाशा हातात दिला. वाटेत एक गल्ली. आणि निघताना काहींना सांगितलं, 'अरे, तुम्हाला उशीर झाला, ते केव्हाची वाट बघतायत, पळा.' काहींना, 'तयारी झालीय, निघा.' आणि उरलेल्यांना, 'अजून वेळ आहे तिकडे, पण निघालात तरी चालेल.'"

"आणि गल्लीत?"

"गल्लीत एका दारात एक माणूस मुटकुळं करून बसलेला. मान खाली, डोळे मिटलेले, हालचाल नाही. मुलगा जवळून जायला लागला की तो दोनदा खोकायचा आणि कण्हायचा. बस्स. कोण थांबतं, कोण नाही, एवढंच टिपायचं."

काकूंनी कुंपणावर कोपर टेकलं. "मी पैज लावते. ज्यांच्या डोक्यात ती गोष्ट घोळत होती ते सगळे थांबले असणार. निदान लाजेकाजेस्तव."

"हरलात. गोष्ट सांगायला निघालेले जरा जास्त थांबले खरे, पण फरक खात्रीनं सांगण्याइतका पडला नाही. ज्यांची धर्मावर जास्त श्रद्धा तेही काही जास्त थांबले नाहीत. फरक कशानं पडला असेल?"

"बोल ना आता."

"घड्याळानं. ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के कुठल्या ना कुठल्या रीतीनं मदतीला आले. मधल्यांतले ४५. आणि ज्यांना पळा म्हणून सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त १०. काही जण तर, शोमरोन्यावर बोलायचंय म्हणून, त्या कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून गेले."

"अगंबाई! म्हणजे कोरडे पाषाणच की सगळे!"

"मुलं चाळीसच होती हं, काकू. एवढ्याशा आकड्यावर कुणाची जन्मपत्रिका मांडू नये. पुढे दुसऱ्या संशोधकांनी हेच आकडे नव्यानं मांडून दाखवलं, की गोष्टीचा परिणाम अगदीच शून्य होता असं म्हणायलाही आधार नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. पण मी एक सांगू?" काकूंचा आवाज बदलला. भजनी मंडळाच्या हिशेबात चूक सापडली की बदलतो तसा. "ते कोरडे पाषाण नव्हते. मघाशी म्हणाले ते मागे घेते. तिकडे कुणीतरी वाट बघत होतं ना त्यांची? त्याला दिलेला शब्द होता. इकडे हा कण्हतोय. दोन्हीकडून ओढाताण. पोरगं बिचारं काय करेल?"

"काकू, तुम्हाला कॅन्ससला पाठवायला हवं होतं! अगदी हेच बॅटसन आणि डार्लीनं शेवटी लिहिलं. घाईतली मुलं पोचली तेव्हा अस्वस्थ होती. ती निर्दय नव्हती, कात्रीत सापडली होती. मग १९७८ मध्ये बॅटसननं कॅन्ससच्या विद्यार्थ्यांवर परत तपासलं. घाई तर लावलीच, पण काहींना सांगितलं तुमच्यावाचून आमचं काम अडणार आहे, काहींना सांगितलं तसं फार काही अडणार नाही. ज्यांच्यावाचून अडणार होतं तेच जास्त करून न थांबता गेले."

"बघ! मग याला काय पीएचडी लागते? आमच्या घरी पाहुणे जेवायला यायचे असले, की दारात आलेल्याला पाणीसुद्धा विचारायला सुचत नाही मला. देवभोळी तर मी तेव्हाही असते."

एवढ्यात दूधवाला आला, काकू पातेलं घ्यायला आत गेल्या. मला वाटलं संपलं. पण पातेलं झाकून त्या दुप्पट जोमानं परत आल्या.

"पण मग धर्म कशाला शिकायचा? सगळं घड्याळावरच असेल तर."

"म्हणून तर हा माणूस तिथे थांबला नाही. त्याच्या आधी हार्वर्डला गॉर्डन ऑलपोर्ट होते, मोठं नाव. त्यांनी १९६७ मध्ये रॉस नावाच्या सहकाऱ्याबरोबर लिहिलं, की धार्मिक माणसं दोन तऱ्हांची. एक धर्म वापरणारी, ओळखी, मान, आधार मिळवायला. दुसरी धर्म जगणारी. चर्चला जाणारी माणसं सरासरीनं न जाणाऱ्यांपेक्षा जास्त पूर्वग्रह बाळगतात, हे आधीच दिसून आलं होतं. ऑलपोर्ट म्हणाले, तो दोष वापरणाऱ्यांचा, जगणाऱ्यांचा नाही."

"पटतंय."

"बॅटसन म्हणाला, थांबा, तिसरी तऱ्हाही आहे. काहींना धर्म म्हणजे साधन, काहींना साध्य, आणि काहींना शोध. ही शोधवाली माणसं प्रश्न विचारत राहतात. शंका आली म्हणून घाबरत नाहीत, आज मानलेलं उद्या बदलायला लागलं तर बदलतात."

काकूंना हे वर्गीकरण फारच आवडलं. त्यांनी लगोलग आमची कॉलनी त्यात बसवायला घेतली.

"साधनवाला मी तुला दाखवते. नगरपालिकेच्या निवडणुका जवळ आल्या, की आरतीला पहिल्या रांगेत. एरवी देऊळ कुठल्या दिशेला आहे हे माहीत नाही. साध्यवाली म्हणजे कोपऱ्यावरची अक्का. ताप असो, सुतक असो, एकादशी मोडणार नाही. आणि शोधवाले तुझे काका. रोज ज्ञानेश्वरी वाचायचे आणि रोज वाचून झाली की माझ्याशी भांडायचे, हे असं का लिहिलं असेल म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मी तिन्ही. गरज पडेल तशी." काकू हसल्या. "आता मला सांग, तुझ्या बॅटसनच्या हिशेबी यातलं बरं कोण?"

"त्याच्यावर टीका झाली ती यावरूनच. लोक म्हणाले, तू मोजतोस तो धर्म नव्हेच, नुसता संशयीपणा आहे. आणि शोधवाल्यांचं कौतुक करायला तू आधीच टपलेला आहेस. त्यानं प्रश्नावली सुधारली, १९९१ ला बारा विधानांची नवी केली, तरी वाद मिटला नाही. पण त्याची एक गोष्ट मला फार आवडते. साध्यवाले कागदावर लिहून देतात, 'आमच्या मनात कुणाबद्दल भेदभाव नाही.' बॅटसन म्हणे, लिहायला काय जातंय? बघू या."

"कसं बघणार?"

"दोन छोट्या खोल्या. दोन्हींत सिनेमा लावलेला. एकीत आधीच एक गोरा माणूस बसलेला, दुसरीत काळा. बघायला आलेला माणूस गोरा. दोन्हीकडे एकच सिनेमा असला, तर गोऱ्याशेजारी बसलात की उघडं पडता. पण सिनेमे वेगवेगळे असले, तर म्हणता येतं, मला बाई तो सिनेमा आवडतो म्हणून तिकडे गेले."

"सबब आयती."

"हो. आणि सबब आयती मिळाली की, १९८६ च्या या प्रयोगात, मनोभावे धर्म पाळणाऱ्यांचा कागदावरचा समभाव दिसेनासा झाला. शोधवाले मात्र सबब असूनही काळ्या माणसाशेजारी जाऊन बसण्याकडे झुकले."

"आमच्याकडे पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, ते बघायला अशा खोल्या लागत नाहीत." काकूंनी एवढं म्हणून विषय तिथेच ठेवला, आणि मीही तो उकरला नाही.

मग मी त्यांना जॅनेटची गोष्ट सांगितली. खरं तर बॅटसनचं हे काम गल्लीच्या प्रयोगाइतकं कुणी सांगत नाही, पण कुंपणावरच्या गप्पांना याच्याइतका खुराक दुसरा नाही. १९८१ ची गोष्ट. विद्यापीठातल्या मुलींना एका परगावाहून आलेल्या, एकट्या पडलेल्या मुलीच्या चिठ्ठ्या वाचायला दिल्या. जॅनेट हे नाव बनवलेलंच. काहींना मिळालेल्या चिठ्ठीत ती म्हणते, कुणीतरी माझ्याशी मैत्री करावी. काहींना मिळालेल्या चिठ्ठीत म्हणते, मला हे माझं मीच निस्तरायचंय, कुणी मध्ये पडू नये. मग मुलींना विचारलं, तुम्ही तिच्याबरोबर थोडा वेळ घालवाल का?

"घालवावा की!"

"नको म्हणाली असली तरी?"

"ते आपलं तोंडदेखलं. नको म्हणणाऱ्यालाच जास्त हवं असतं."

"काकू, तुम्ही साध्यवाल्या! त्यांच्यातल्या साध्यवाल्या मुलींनी अगदी हेच केलं. जॅनेटनं हवं म्हटलं तरी मदत, नको म्हटलं तरी मदत. शोधवाल्या मुलींनी मात्र हवी तेव्हा देऊ केली, नको म्हटल्यावर मागे राहिल्या. बॅटसन म्हणाला, पहिल्या मदतीत जॅनेटच्या गरजेपेक्षा आपण मदत करणारी बाई आहोत हे वाटण्याची गरज मोठी. गल्लीतही थोडं तसंच झालं होतं. तो खोकणारा माणूस विचारलं की सांगायचा, मला दम्यासारखा त्रास आहे, आत्ताच गोळी घेतलीय, जरा बसलो की बरा होईन. तरी काही जण ऐकेनात. आत चला, कॉफी घ्या, मी तुम्हाला सोडून जाणारच नाही. हे चिकटून राहणारे कोण, तर मतांनी जास्त कर्मठ."

काकू जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वन्सं अशाच होत्या. माझ्या पहिल्या बाळंतपणात महिनाभर येऊन राहिल्या. मी म्हणतेय मला झोपू द्या, आणि त्या म्हणतायत डिंकाचा लाडू खा. आयुष्यभर सांगत राहिल्या, मी हिचं किती केलं. लाडू मी खिडकीतून कावळ्याला घालायचे, ते कुणाला माहीत नाही."

"आता मला माहीत झालं."

"तू कुणाला सांगणार आहेस?"

यावर मी बोलले नाही. गप्पाष्टक लिहिणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारू नये.

"मग तुझ्या बॅटसनचं मत काय?" काकू परत मुद्द्यावर. "माणूस जे काही चांगलं करतो ते स्वतःला बरं वाटावं म्हणूनच? पुण्याच्या हिशेबासाठी?"

"हा प्रश्न त्याच्या उरलेल्या आयुष्याला पुरला. धर्मापासून सुरुवात केली आणि तिथून तो इथे पोचला. दुसऱ्यासाठी म्हणून केलेलं असं काही असतं का मुळात? त्यानं पुन्हा मुलींना बसवलं. पडद्यावर एलेन नावाची मुलगी दिसते, तिला विजेचे झटके बसतायत. अर्थात खोटे, आधीच चित्रित केलेलं. एलेन सांगते, लहानपणी मी घोड्यावरून विजेच्या तारेच्या कुंपणावर पडले होते, मला याची धास्ती आहे. मग बघणाऱ्या मुलीला विचारतात, तिच्या जागी तुम्ही बसाल का?"

"बाप रे."

"गंमत ही, की काहींना सांगितलं होतं तुम्हाला दहाही फेऱ्या बघायच्यात. काहींना, दोनच बघा आणि निघून जा. आता माणूस जर फक्त स्वतःची घालमेल थांबवायला मदत करत असेल, तर दोन फेऱ्या बघून जाता येतंय म्हटल्यावर तो जाईल. बरोबर?"

"जाईलच. डोळ्याआड झालं की झालं."

"ज्यांना एलेन आपल्यातली वाटत नव्हती त्या गेल्या. अकरांतल्या फक्त दोघी थांबल्या. पण ज्यांना ती आपल्यासारखीच आहे असं वाटायला लावलं होतं, त्या अकरांतल्या दहा जणी म्हणाल्या, उठवा तिला, मी बसते."

"दहा?"

"दहा. जायला दार उघडं असताना. यावरून बॅटसन म्हणाला, खरी कणव आली की माणूस दुसऱ्यासाठीच करतो. स्वतःला बरं वाटतं, पण ते वाटेत मिळालेलं, त्यासाठी केलेलं नाही."

"आणि सगळ्यांनी मान्य केलं?"

"छे! ॲरिझोनाच्या रॉबर्ट चाल्डिनीनं खोडलं. तो म्हणाला, दुसऱ्याचं दुःख बघून स्वतःला उदास वाटतं, ते घालवायला मदत करतात. नंतर म्हणाला, आपण आणि तो वेगळे उरतच नाही, म्हणजे ती स्वतःचीच मदत. हा प्रयोग करतो, तो त्यातली फट दाखवतो, की हा पुन्हा नवा प्रयोग. वर्षानुवर्षं चाललं. १९९१ ला एक पुस्तक, २०११ ला दुसरं, दोन्हींचा विषय हाच."

"आमच्या चाळीतल्या नळावर होतं तसलं भांडण."

"फक्त इथे दोघं एकमेकांना पुरावे मागायचे."

काकूंना हे बोचलं, पण त्या तशा दिलदार आहेत. त्यांनी मनावर घेतलं नाही. उलट विचारलं, "माणसाची एवढी बाजू घेणारा हा बॅटसन, त्याला ढोंगीपणा दिसलाच नाही का कधी?"

"दिसला की! त्यावरही प्रयोग केले, १९९७ पासून. विद्यार्थ्याला सांगायचं, दोन कामं आहेत. एकात बक्षिसाची तिकिटं मिळतील, दुसरं अगदी रटाळ. तुम्हाला कुठलं आणि दुसऱ्या माणसाला कुठलं, ते तुम्हीच ठरवा. त्याला वाटेल हे नशिबानं झालं. हवं तर हे नाणं घ्या, बहुतेकांना नाणं उडवणं न्यायाचं वाटतं. साधारण निम्म्यांनी नाणं उडवलं."

"मग निम्म्यांना छापा, निम्म्यांना काटा."

"तसं व्हायला हवं. पण नाणं उडवणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना चांगलं काम मिळालं!"

काकू इतक्या जोरात हसल्या, की पलीकडच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकायला लागलं. "अगं, आमच्या भिशीची चिठ्ठीसुद्धा अशीच निघते!"

"आणि वर, ज्यांनी नाणं उडवलं ते स्वतःला न उडवणाऱ्यांपेक्षा जास्त नीतिमान समजत होते. काम दोघांनीही चांगलंच घेतलं होतं. म्हणजे लोकांसमोर बरं दिसण्याचाच प्रश्न नाही, स्वतःच्या नजरेतही बरं दिसायचं, आणि तेही फुकटात. मग बॅटसननं एकच बदल केला. समोर आरसा ठेवला."

"आणि?"

"नाणं सरळ पडायला लागलं. निम्मे-निम्मे."

"आरसा ठेवला म्हणून?" काकूंनी क्षणभर विचार केला. "असेल बाई. खोटं बोलताना मी कधी आरशात बघत नाही."

ऊन मेंदीवर आलं होतं. काकूंना एक शंका मात्र सोडवेना. "पण हे सगळं खोटंनाटं सांगून केलं ना? नसलेली एलेन, नसलेली जॅनेट, खोटं खोकणं. देवाधर्माच्या नावानं माणसांना फसवायचं, हे काही मला रुचत नाही."

"प्रयोग संपल्यावर मुलांना सगळं सांगितलं होतं, का केलं तेही. आता तर नैतिक समितीची मंजुरी घ्यावी लागते. पण तुमचा मुद्दा खरा आहे, यावर आमच्यात अजून वाद चालतात. म्हणून हल्ली काही जण प्रयोगशाळा सोडून थेट देवळात जातात."

"कुठल्या देवळात?"

"मॉरिशसमधल्या. आणि ऐका, मराठी लोकांच्या! मजूर म्हणून इंग्रजांच्या काळात गेलेले आपले लोक, अजून गणपती बसवतात. त्या दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते. युरोप-अमेरिकेतल्या तिघा संशोधकांनी तिथल्या मराठी बायकांचा अभ्यास करून २०२० ला छापला. आधी त्यांना सांगितलं, नैसर्गिक संकट आलं तर काय करायचं यावर तुम्हाला बोलायचंय, त्याचं परीक्षण होणार आहे. अशी धास्ती घातल्यावर काही जणी देवळात जाऊन नेहमीची पूजा करून आल्या, काही जणी नुसत्या शांत बसून राहिल्या. हृदयाच्या ठोक्यांची नोंद चालूच होती. पूजा करून आलेल्यांची काळजी जास्त उतरली होती."

"हे सांगायला मॉरिशसला जायला नको होतं. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं." पण काकू मनातून खूश झाल्या होत्या. आपल्या बायकांची पूजा शोधनिबंधात आली म्हणजे काय! "मग तुझ्या त्या पोरीला काय सांगितलंस?"

"ती एक लांबलचक प्रश्नावली घेऊन आली होती. तुम्ही रोज पूजा करता का, उपास करता का, देवावर विश्वास किती, एक ते सात आकड्यांत. मी म्हटलं, हे विचार, पण यावर थांबू नकोस. लोक स्वतःला काय म्हणवतात हे एका वहीत लिही. ते काय करतात हे दुसऱ्या वहीत. आणि कुठल्या अडचणीत, कुठल्या घाईत, कुणाच्या नजरेसमोर करतात, हे तिसऱ्या वहीत. तिन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय प्रबंध लिहायला बसू नकोस."

"माझं नाव घालू नको म्हणावं. लाडवाचं तर मुळीच नको."

"नाही घालणार."

"आणि अजून एक सांग तिला. आमच्या मंडळातल्या बायका कशा आहेत हे बघायचं असेल, तर भजनाला येऊ नको. भजन सुटल्यावर, रिक्षा एक आणि बायका आठ असतात, तेव्हा ये." काकूंनी परडी उचलली. "तुझा बॅटसन भला माणूस दिसतो. पण त्यानं सांगितलं काय शेवटी, एका वाक्यात सांग. दुपारी मंडळात विचारतील."

एका वाक्यात बसणारा हा माणूस नव्हे, पण काकूंना एकच वाक्य लक्षात राहतं, म्हणून देऊन टाकलं. तेच वाचकांनाही देते. कोण किती देवभोळं आणि कोण किती नास्तिक, यावरून तो वाटेत पडलेल्याला उचलेल की नाही हे ठरवू नका. तुम्ही स्वतः थांबावं असं वाटत असेल, तर घरून दहा मिनिटं लवकर निघा, आणि थांबल्यावर आधी त्याला विचारा की त्याला काय हवंय.